धातूंतील हीण आणि पराकाष्ठेची थंडी

धाराशिव जिल्ह्यांतील परंड्याचा किल्ला इतिहासांत ज्या गोष्टींमुळें प्रसिद्ध आहे त्यांत मुलूखमैदान तोफेचें नांव अवश्य येतें. विजापूरच्या तटावर आज दिसणारी ही प्रचंड तोफ १५४९ सालीं अहमदनगर येथें, म्हणजे आजच्या अहिल्यानगरांत, ओतली गेली. पुढें ती परंड्याच्या किल्ल्यांत आली, आणि १६३२ सालीं तेथून विजापुरास नेण्यांत आली. सभा गाजविणाऱ्या वक्त्यास मराठींत अद्यापि तिचेंच नांव देतात. ती पंचधातूची आहे असा लोकांचा समज आहे. परंतु पृथक्करणांत सुमारें चार भाग तांबें आणि एक भाग कथील असें प्रमाण आढळून आलें. तांबें मऊ, कथील त्याहूनही मऊ. परंतु दोहोंचें कांसें झालें कीं तें कठीण होतें आणि घंटेसारखें वाजूं लागतें. एका धातूंत दुसरा धातु मिसळला म्हणजे दोघांच्या गुणांची केवळ बेरीज होत नाहीं, तर तिसराच गुण उत्पन्न होतो, हें त्या ओतकाम करणाऱ्या कारागिरांस रसायनशास्त्राचें एकही पुस्तक न वाचतां पुरतें ठाऊक होतें.

सराफाचा व्यवहार तर सर्वस्वीं याच ज्ञानावर चालतो. सोन्यांतील परक्या धातूस त्याच्या भाषेंत हीण म्हणतात, आणि हीण अधिक असलेल्या सोन्याचा कस उतरतो. हिणकस हा शब्द सराफाच्या पेढीवरून निघून पुढें माणसांना आणि ग्रंथांनाही लागूं लागला. बावीस कॅरटच्या सोन्यांत चोवीस भागांस दोन भाग हीण असतें, आणि तें कसोटीच्या दगडावर उघड होतें. परंतु हें प्रमाण दहा लाखांस एक इतकें उतरलें तर? २०११ च्या शिरगणतींत संपूर्ण धाराशिव जिल्ह्याची वस्ती सुमारें साडेसोळा लाख भरली होती. त्या साऱ्या जिल्ह्यांत, परंड्यापासून उमरग्यापर्यंत, एक किंवा दोनच परके इसम असावे, असें हें प्रमाण झालें. इतक्या हिणाची दखल कसोटीच्या दगडास लागणें शक्य नाहीं, आणि रोजच्या व्यवहारांत ती कोणी घ्यावी असेंही नाहीं. तथापि तें हीण विशिष्ट जातीचें असेल, आणि धातु पुरेसा थंड केला असेल, तर हाच एखाददुसरा परका साऱ्या जिल्ह्याचें वर्तन बदलून टाकतो. हें कसें घडतें याचा उलगडा होण्यास तीस वर्षें लागलीं, आणि तो पूर्ण होण्यास आणखी दहा.

प्रथम थंडी म्हणजे किती थंडी, हें सांगितलें पाहिजे. बालाघाटच्या पठारावर कडाक्याचा हिवाळा पडला म्हणजे पारा दहा अंशांच्या आसपास येतो आणि लोक शेकोट्या पेटवतात. पाणी शून्य अंशावर गोठतें. येथें जी थंडी अभिप्रेत आहे ती शून्याच्याही खालीं सुमारें दोनशें सत्तर अंशांची आहे. उणें २७३.१५ अंशांखालीं तपमान जाऊंच शकत नाहीं. त्या बिंदूस निरपेक्ष शून्य म्हणतात, आणि त्याच्यापासून वर मोजलेल्या अंशांस केल्विन अंश म्हणतात. पुढें येणारे सर्व अंश या मोजणींतले समजावे. इतक्या खालीं उतरण्याची शिडी म्हणजे हेलियम वायु. या वायूची पहिली खूण १८६८ सालीं सूर्याच्या प्रकाशांत दिसली. त्या वर्षीं १८ ऑगस्ट रोजीं खग्रास ग्रहणाची छाया दक्षिण हिंदुस्थानावरून गेली, आणि गुंतूर येथें जान्सन यानें व पटवर्धनांच्या जमखंडीस लेफ्टनंट हर्शेल यानें सूर्याच्या कडेवरील ज्वाळांच्या तेजस्वी रेषा दुर्बिणींतून पाहिल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्लंडांत लॉकियर यानें त्या ज्वाळांतील एका पिवळ्या रेषेची जागा बारकाईनें तपासली. ती रेषा सोडियमची नव्हती, हेलियमची होती. हा वायु ४.२ अंशांवर द्रवरूप होतो. त्याचा द्रव प्रथम १० जुलै १९०८ रोजीं हॉलंडांतील लायडेन येथें कामरलिंग ओन्स यानें केला, आणि त्या दिवसापासून धातूंच्या अंतरंगाकडे जाणारा एक नवा दरवाजा उघडला.

धातूंतून वीज वाहते ती इलेक्ट्रॉनांच्या योगानें. तांब्याचा अथवा सोन्याचा प्रत्येक अणु आपला एक इलेक्ट्रॉन समाईक भांडवलांत टाकतो, आणि असे असंख्य इलेक्ट्रॉन साऱ्या धातूभर हिंडत असतात. अणूंची रांग अगदीं सरळ व निश्चल असेल तर या हिंडण्यास अडथळाच होत नाहीं, असें पुंजवादाचें अनुमान आहे. अडथळा दोन कारणांनीं होतो. एक तर उष्णतेमुळें अणु थरथरत असतात, त्यांच्याशीं इलेक्ट्रॉनांच्या धडका होतात. दुसरें म्हणजे रांगेंत मधूनच परका अणु बसलेला असतो. या अडथळ्यास रोध म्हणतात. धातु थंड करीत गेलें म्हणजे अणूंची थरथर कमी होते, म्हणून रोधही कमी होत जातो. परक्या अणूमुळें होणारा रोध मात्र थंडीनें कमीही होत नाहीं आणि वाढतही नाहीं. रस्त्यांत रोवलेल्या दगडी खांबाप्रमाणें तो तेवढाच राहतो. यावरून कोणीही सहज अनुमान काढील कीं, थंडी वाढेल तसतसा रोध उतरत जावा आणि शेवटीं एका पातळीवर स्थिर व्हावा. निर्मळ धातूंच्या बाबतींत अनुभवही तसाच होता.

१९३४ सालीं लायडेन येथेंच डी हास, डी बूर आणि व्हॅन डेन बर्ग या तिघांनीं सोन्याच्या तारेचा रोध मोजला. तपमान उतरत गेलें तसा रोध उतरत गेला. परंतु हेलियमच्या तपमानांत पोंचल्यावर तो एका नीचांकास टेकला आणि तेथून पुढें, अधिक थंडी होतांना, वर चढूं लागला. अणूंची थरथर जवळजवळ थांबली असतांना अडथळा वाढावा ही गोष्ट तर्काच्या सर्वथैव विरुद्ध होती. असा विपरीत आंकडा हातीं आला म्हणजे संशय घेण्यास अनेक जागा असतात. तार नीट ओढली गेली नसेल, जोड सैल असेल, धातु पुरता शुद्ध नसेल. यांपैकीं शेवटची शंका खरी ठरली, पण निराळ्या अर्थानें. नमुना जितका शुद्ध करावा तितका हा चमत्कार क्षीण होई, यावरून दोष हिणाचा आहे हें कळलें. परंतु हिणानें रोध स्थिर राहावा, वाढावा कां, याचें उत्तर त्यांत नव्हतें. पुढें अनेक प्रयोगशाळांत तांबें, रुपें, सोनें यांवर प्रयोग झाले, आंकड्यांचे ढीग जमले, आणि कोडें तसेंच राहिलें.

ज्या गुणामुळें हें कोडें पडलें त्याचाही शोध, योगायोगानें, लायडेनच्याच दोन तरुणांच्या नांवावर आहे. १९२५ सालीं गाउडस्मिट व उलेनबेक यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, इलेक्ट्रॉनास वजन आणि विद्युद्भार यांखेरीज आणखी एक जन्मजात गुण असतो. इंग्रजींत त्यास स्पिन म्हणतात. मराठींत फिरकी म्हणावयास हरकत नाहीं. मात्र हा कण भोंवऱ्यासारखा खरोखर गरगरतो असें समजूं नये. फिरकीमुळें प्रत्येक इलेक्ट्रॉन एक अत्यंत सूक्ष्म लोहचुंबक बनतो, आणि मोजूं जातां त्याच्या तोंडाच्या दोनच दिशा सांपडतात, वर अथवा खालीं. मधली दिशा हातीं लागत नाहीं. बहुतेक अणूंत वर तोंडाचे आणि खालीं तोंडाचे इलेक्ट्रॉन जोडीजोडीनें असतात, म्हणून अणूचें एकंदर चुंबकत्व शून्य होतें. लोखंड, मँगॅनीज, गॅडोलिनियम अशा कांहीं अणूंच्या आंतल्या कक्षेंत मात्र बिनजोडीचे इलेक्ट्रॉन उरतात, आणि असा अणु परक्या धातूंत जाऊन बसला तरी आपलें चुंबकत्व बहुधा बरोबर घेऊन जातो.

बहुधा म्हणण्याचें कारण असें कीं, हें यजमान धातूवर अवलंबून असतें. नायोबियम धातूंत लोखंडाचा अणु आपलें चुंबकत्व टाकून देतो, मॉलिब्डेनम धातूंत तें राखून ठेवतो. १९६४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत मिरियम सारचिक व त्यांचे सहकारी यांनीं या दोन धातूंच्या निरनिराळ्या मिश्रणांत सुमारें एक टक्का लोखंड घालून रोध मोजला. जेथें लोखंडाचें चुंबकत्व जिवंत होतें तेथेंच रोधाचा नीचांक दिसला. जेथें तें नष्ट झालें होतें तेथें लोखंड तितकेंच असूनही कांहीं घडलें नाहीं. अपराधी परका अणु नव्हता, त्याची फिरकी होती. हिणाचें वजन किती हा प्रश्न मागें पडून हिणाचा स्वभाव कोणता हा प्रश्न पुढें आला.

त्याच वर्षीं टोकियो येथील इलेक्ट्रोटेक्निकल प्रयोगशाळेंतील जुन कोंडो यांनीं या कोड्याचें उत्तर गणितानें दिलें. कोंडो यांचा जन्म १९३० चा आणि मृत्यु २०२२ चा. हा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हां ते चौतीस वर्षांचे होते. त्यांच्या उत्तराचें मर्म समजण्यासाठीं श्रोत्यांनीं दोन अडथळ्यांची कल्पना करावी. एक अडथळा म्हणजे रस्त्यांतला दगडी खांब. त्यावरून किती लोक गेले याची खांबास आठवण नसते. शंभरावा मनुष्य आला तरी खांब पहिल्यासारखाच. दुसरा अडथळा म्हणजे फिरतें फाटक. एक मनुष्य त्यांतून गेला कीं फाटक उलट बाजूस फिरून राहतें, आणि मागून येणाऱ्यास तें त्या स्थितींत सांपडतें. साध्या हिणाचा अणु खांबासारखा असतो. चुंबकीय हिणाचा अणु फाटकासारखा असतो. वर तोंडाचा इलेक्ट्रॉन त्याच्याशीं भिडला म्हणजे स्वतः खालीं तोंडाचा होऊन बाहेर पडूं शकतो, आणि जातां जातां अणूची फिरकी उलटी करून जातो. पुढच्या इलेक्ट्रॉनास जो अणु भेटतो तो आतां पूर्वीचा राहिलेला नसतो. अशा रीतीनें ज्या इलेक्ट्रॉनांचा परस्परांशीं कांहींच संबंध नव्हता ते त्या एका अणूच्या आठवणीमुळें एकमेकांशीं बांधले जातात.

पूर्वींच्या शास्त्रज्ञांनीं इलेक्ट्रॉन व अणु यांची एकच धडक हिशेबांत धरली होती. कोंडो यांनीं लागोपाठच्या दोन धडकांचा हिशेब केला. अशा दोन धडका दोन प्रकारच्या क्रमांनीं घडूं शकतात. खांबाच्या बाबतींत क्रम बदलला तरी फल तेंच राहतें, आणि जमाखर्चांत तपमानाशीं संबंध असलेल्या रकमा परस्पर कटून जातात. फिरकीच्या बाबतींत मात्र क्रमास महत्त्व आहे. उजवीकडे वळून मग दहा पावलें चालणारा आणि दहा पावलें चालून मग उजवीकडे वळणारा हे दोघे एकाच ठिकाणीं पोंचत नाहींत. तसेंच हें आहे. त्यामुळें रकमा कटत नाहींत, बाकी उरते, आणि ती बाकी तपमान उतरेल तसतशी वाढत जाते. एकीकडे अणूंची थरथर मंदावून रोध घटत असतो, दुसरीकडे या बाकीनें तो वाढत असतो. दोहोंची गांठ पडते तेथें नीचांक दिसतो. या हिशेबांतून असेंही निघालें कीं, हीण बत्तीस पट केलें तर नीचांकाचें तपमान केवळ दुप्पट व्हावें. प्रयोगांतले जुने आंकडे या नियमाशीं जुळले. तीस वर्षें पडून राहिलेला ढीग एका निबंधानें नीट रचला गेला.

परंतु या यशाच्या पोटांतच एक अडचण होती. कोंडो यांच्या सूत्राप्रमाणें थंडी वाढेल तशी ती बाकी वाढतच जाते, आणि निरपेक्ष शून्याशीं रोध अनंत व्हावयास पाहिजे. चिमूटभर लोखंडानें तांब्याची तार वीज अडविणारी कांच बनावी असा त्याचा अर्थ झाला, आणि निसर्गांत असें होत नाहीं हें उघड आहे. सूत्र एका मर्यादेपर्यंत खरें होतें, तिच्याखालीं तें निरुपयोगी होतें. या मर्यादेच्या तपमानास आतां कोंडो तपमान असें नांव आहे. तांब्यांतील लोखंडासाठीं तें सुमारें ३० अंश आहे, सोन्यांतील लोखंडासाठीं एका अंशाच्याही खालीं, आणि तांब्यांतील मँगॅनीजसाठीं अंशाच्या शतांशाच्या घरांत. त्याच्या खालीं काय होतें हा प्रश्न पुढील दहा वर्षें जगांतील उत्तमोत्तम गणितज्ञांस छळीत राहिला.

तो १९७५ सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाचे केनेथ विल्सन यांनीं सोडविला. त्यांची रीत सरकारी दप्तरांतल्या हिशेबाशीं ताडून पाहतां येते. गांवच्या तलाठ्यापाशीं प्रत्येक शेताची नोंद असते; तालुक्यास त्या सर्व नोंदी जात नाहींत, त्यांचा गोषवारा जातो; जिल्ह्यास तालुक्यांचा गोषवारा जातो. प्रत्येक पायरीवर तपशील गळतो, पण त्याचा परिणाम पुढच्या आंकड्यांत राहतो. विल्सन यांनीं मोठ्या ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांपासून आरंभ करून, टप्प्याटप्प्यानें अधिकाधिक लहान ऊर्जेकडे उतरत, प्रत्येक टप्प्याचा गोषवारा पुढच्या टप्प्यास दिला, आणि हा हिशेब गणकयंत्राच्या साहाय्यानें अगदीं तळापर्यंत नेला. याच विचारसरणीनें पदार्थांच्या अवस्थांतराचा प्रश्न सोडविल्याबद्दल त्यांस १९८२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. १९८० सालीं आंद्रेई आणि वीगमन या दोघांनीं परस्परांशीं संबंध नसतांना कोंडो यांच्या प्रश्नाचें बिनचूक गणिती उत्तरही काढलें.

या उत्तरांतून जें चित्र निघालें तें मोठें मनोरम आहे. पुरेशी थंडी झाली म्हणजे तो चुंबकीय अणु एकाकी राहत नाहीं. त्याच्या भोंवतीं इलेक्ट्रॉनांचा एक मेघ जमतो, आणि त्या मेघाची एकंदर फिरकी अणूच्या फिरकीच्या बरोबर उलट असते. दोघांची मिळून जोडी होते, अणूचें चुंबकत्व झांकलें जातें, आणि बाहेरून येणाऱ्या इलेक्ट्रॉनास तेथें फिरतें फाटक न दिसतां पुन्हां एक खांबच दिसतो. त्यामुळें रोधाची वाढ थांबते व तो स्थिर होतो. परक्यास गर्दीनें हांकून दिलें नाहीं, आपल्यांत विरघळविलेंही नाहीं. त्याच्याशीं जोडी जुळवून त्यास शांत केलें. १९९८ सालीं अमेरिकेंत शास्त्रज्ञांनीं अर्धवाहक पदार्थांत मूठभर इलेक्ट्रॉन कोंडून एक कृत्रिम अणु बनविला आणि हाच परिणाम इच्छेनुसार चालूबंद करून दाखविला. २०२० सालीं तो मेघही मोजला गेला. त्याचा विस्तार मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या घरांत निघाला. एका अणूच्या मानानें हें अंतर हजारों पटींनीं मोठें आहे.

एवढ्यावरून कोणी म्हणेल कीं, ही पंडितांची करमणूक झाली, व्यवहाराशीं तिचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो दिवसेंदिवस वाढत आहे. आजपर्यंतचीं विजेचीं यंत्रें इलेक्ट्रॉनाचा भार वापरीत आलीं. त्याची फिरकी वायां जात होती. गेल्या कांहीं दशकांत फिरकीच्या द्वारें निरोप पाठविण्याचा उद्योग सुरू झाला आहे. चुंबकीय धातूच्या पट्टींतून तांब्याच्या सूक्ष्म तारेंत एकाच दिशेच्या फिरकीचे इलेक्ट्रॉन सोडावयाचे, आणि दुसऱ्या टोंकास तशीच पट्टी ठेवून किती इलेक्ट्रॉनांनीं आपली फिरकी शाबूत आणली हें पाहावयाचें. तांब्यांत ही फिरकी केसाच्या जाडीच्या कांहींशें हिश्श्यांपैकीं एका हिश्श्याइतकें अंतर टिकते आणि मग विसरली जाते. थंडींत धडका कमी होतात, तेव्हां हें अंतर वाढत जावें अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षांत तें कांहीं तपमानापर्यंत वाढे आणि त्याखालीं उलट कमी होऊं लागे. लायडेनच्या सोन्याची जी तऱ्हा १९३४ सालीं दिसली तीच ऐंशी वर्षांनीं नव्या रूपांत समोर आली.

२०१४ सालीं मिनेसोटा विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनीं याचें कारण कोंडो परिणाम हेंच असल्याचें दाखविलें. ज्या चुंबकीय पट्टींतून इलेक्ट्रॉन येतात त्याच पट्टीचे थोडे अणु सांध्याजवळ तांब्यांत झिरपलेले असतात. त्यांच्याशीं भिडतांना इलेक्ट्रॉनाची फिरकी उलटते, आणि निरोप उंबरठ्यावरच पुसला जातो. लोखंडाच्या पट्टीस तांब्याऐवजीं ॲल्युमिनियमची तार जोडली तर हा दोष दिसत नाहीं, कारण ॲल्युमिनियममध्यें लोखंडाचा अणु आपलें चुंबकत्व राखूं शकत नाहीं. म्हणजे निरोप देणाराच निरोपाचा घात करीत होता. तांबें कितीही शुद्ध घेतलें तरी सांध्याची काळजी घेतल्यावांचून उपयोग नाहीं, हा धडा यंत्र बांधणाऱ्यांस मिळाला.

फिरकी आणि हीण यांचें वैर अतिवाहक धातूंत सर्वांत उग्र रूपानें दिसतें. कांहीं धातु ठराविक तपमानाखालीं गेले कीं त्यांचा रोध अजीबात नाहींसा होतो. हाही लायडेनचाच, १९११ सालचा शोध. तेथें इलेक्ट्रॉन जोडीजोडीनें चालतात, आणि सामान्यतः जोडींतल्या एकाची फिरकी वर तर दुसऱ्याची खालीं असते. साधें हीण या जोडीस फारसा त्रास देत नाहीं, कारण तें दोघांशीं सारखेंच वागतें. चुंबकीय हीण मात्र एकास ओढतें आणि दुसऱ्यास लोटतें, आणि जोडी फोडतें. १९५८ सालीं माथियास व त्यांच्या सहकाऱ्यांनीं लँथॅनम धातूंत एक टक्का गॅडोलिनियम घातलें, तों त्याची अतिवाहकता जवळजवळ नष्ट झाली. निरनिराळीं मूलद्रव्यें घालून पाहतां ज्याची फिरकी मोठी त्याचा उपद्रव मोठा असें आढळलें.

या वैराला अपवाद असूं शकतो, हें दाखविणाऱ्या पदार्थांच्या शोधांत मुंबईचा वांटा आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९९४ सालीं नागराजन, गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांस इट्रियम, निकेल, बोरॉन व कार्बन या चार मूलद्रव्यांच्या संयुगांत सुमारें १२ अंशांवर अतिवाहकता आढळली. निकेल हें चुंबकीय म्हणून प्रसिद्ध असतां तें या संयुगांत निरुपद्रवी ठरलें. त्याच वर्षीं या कुळांतील पुष्कळ संयुगें उजेडांत आलीं. त्यांत इट्रियमच्या जागीं होल्मियम किंवा एर्बियम यांसारखे खरोखर चुंबकीय अणु बसविले तरी अतिवाहकता टिकते. येथें चुंबकीय अणु विखुरलेले परके नसतात. ते नेमून दिलेल्या घरांत राहतात, आणि थंडींत एकाचें तोंड एकीकडे तर शेजारच्या थराचें दुसरीकडे अशी शिस्त धरतात. त्यामुळें त्यांचा एकंदर प्रभाव बहुतांशीं कटून जातो. होल्मियमच्या संयुगांत तर हा सामना इतका अटीतटीचा असतो कीं, ८ अंशांच्या आसपास आलेली अतिवाहकता ५ अंशांच्या सुमारास, चुंबकीय मांडणी होत असतां, जाऊं जाऊं होते आणि पुन्हां सांवरते.

याच संस्थेंत २०१६ सालीं रामकृष्णन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अतिशुद्ध बिस्मथच्या स्फटिकांत ०.०००५३ अंशावर अतिवाहकता पाहिली. बिस्मथमध्यें वीज वाहणारे इलेक्ट्रॉन इतके विरळ असतात कीं, सुमारें एक लाख अणूंमागें एक इलेक्ट्रॉन पडतो. तेथील अतिवाहकता इतकी नाजूक आहे कीं, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या अल्पशा भागानेंही ती मोडते; म्हणून पृथ्वीचें चुंबकत्व अडवूनच तो प्रयोग करावा लागला. इतक्या कोमल अवस्थेपुढें स्फटिकांतील चुंबकीय हिणाचा कणही केवढा मोठा शत्रु ठरेल हें वेगळें सांगावयास नको.

तरीही चुंबकीय हीण नेहमींच टाकाऊ असतें असें नाहीं. थंडीच्या प्रयोगशाळांत तपमान मोजण्याचें एक साधन असें आहे कीं, त्यांत सोन्याची तार वापरतात, पण त्या सोन्यांत मुद्दाम शेंकडा ०.०७ लोखंड मिसळलेलें असतें. शुद्ध सोनें अतिशय थंडींत तपमानाच्या बदलास जवळजवळ मुकें असतें. हें हिणाचें सोनें, लोखंडाच्या त्याच फिरत्या फिरकीमुळें, अंशाच्या लहानशा चढउतारासही विजेच्या दाबानें उत्तर देतें. ज्या दोषानें लायडेनच्या संशोधकांस कोड्यांत टाकलें तोच दोष मोजून, जोखून, योग्य प्रमाणांत घातला असतां उपकरण बनला.

सराफाचा दगड सोन्यांत हीण किती हें सांगतो. तेवढ्यावर त्याचें काम संपतें. पराकाष्ठेची थंडी हीण कोणत्या स्वभावाचें आहे, यजमानाशीं त्याचें कसें जमतें, आणि त्याच्यामुळें साऱ्या समुदायांत कोणता बदल होतो, हेंही सांगते. विपरीत दिसणारा आंकडा नमुना खराब म्हणून फेंकून न देतां ज्यांनीं तो वहींत जसाच्या तसा उतरून ठेवला, त्यांच्यामुळें हें ज्ञान हातीं आलें. शाळेच्या प्रयोगशाळेंत मोजणीचें पहिलें कोष्टक भरणाऱ्या मुलामुलींनीं एवढी एक गोष्ट ध्यानांत ठेवली तरी पुष्कळ झालें. अपेक्षेशीं न जुळणाऱ्या आंकड्यावर रबर फिरविण्यापूर्वीं तो आंकडा काय सांगूं पाहत आहे हें एकवार विचारावें.